समान वेतन: एका पदाला एकच पगार असूनही दरी का उरते?

“आमच्याकडे बाई-पुरुष असा भेद नाही, एका पदाला एकच पगार,” असं बहुतेक कंपन्या सांगतात. पुष्कळदा ते खरंही असतं. तरी त्याच कंपनीतल्या सगळ्या स्त्रियांच्या पगाराची सरासरी काढली आणि पुरुषांच्या सरासरीशेजारी ठेवली, की चांगलीच तफावत दिसते. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे एकदा लक्षात आलं की समान वेतनाचा पुढचा बराच गुंता सुटतो. ते लक्षात न घेतल्यामुळे या विषयावरचे वाद जागच्या जागी फिरत राहतात. एक जण सरासरीबद्दल बोलत असतो, दुसरा एका पदाबद्दल, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा खोटं बोलतोय.

समजा, एका कंपनीत 100 पुरुष आणि 100 स्त्रिया आहेत. पदं दोनच, व्यवस्थापक आणि कारकून. व्यवस्थापकाला महिन्याला 100 मिळतात, कारकुनाला 40. माणूस कोण आहे हे पाहिलं जात नाही. पुरुषांपैकी 60 जण व्यवस्थापक आहेत, 40 कारकून. स्त्रियांमध्ये 20 व्यवस्थापक आणि 80 कारकून. आता सरासरी काढा. पुरुषांची येते 76, स्त्रियांची 52. म्हणजे पुरुष सरासरी 100 कमावतो तिथे स्त्री 68 कमावते. एका पदाला एकच पगार हा नियम तंतोतंत पाळूनही 32 टक्क्यांची दरी पडली.

जगभराचा हिशेब केला तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार स्त्रियांची कमाई पुरुषांपेक्षा सरासरी सुमारे 20 टक्क्यांनी कमी आहे. हा आकडा या पहिल्या प्रकारचा, सगळ्यांना एकत्र धरून काढलेला. त्यावर नेहमीचा आक्षेप असा की स्त्रिया कमी तास काम करतात, वेगळ्या क्षेत्रांत जातात, मध्ये नोकरी सोडतात. हे सगळं वजा करा आणि मग बोला. अभ्यासक तेही करतात. फ्रान्सिन ब्लाऊ आणि लॉरेन्स कान या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या पूर्णवेळ नोकरदारांची 2010 ची आकडेवारी तपासली. ताशी कमाईतली तफावत सुमारे 21 टक्के होती. शिक्षण, अनुभव, उद्योग, व्यवसाय असं सगळं सारखं धरल्यावर ती सुमारे 8 टक्क्यांवर आली. कमी झाली, पण मिटली नाही.

या 8 टक्क्यांनाच “खरी तफावत” म्हणायची आणि बाकीचं सोडून द्यायचं, अशी एक पद्धत पडली आहे. मला ती मान्य नाही. पद सारखं धरून केलेला हिशेब एवढंच सांगतो की त्या पदावर पोचल्यानंतर काय झालं. त्या पदापर्यंत पोचताना कुणाला डावललं गेलं, बढतीच्या यादीत कुणाचं नावच आलं नाही, हे त्या हिशेबाच्या बाहेर राहतं. वरच्या उदाहरणात पद सारखं धरलं की तफावत शून्य येते. पण 60 आणि 20 हा फरक पडला कसा, हा प्रश्न तसाच उरतो.

कायद्याने पहिल्यांदा हात घातला तो सगळ्यांत उघड प्रकाराला, म्हणजे एकाच कामासाठी दोन दरांना. एके काळी हे लपूनछपून चालत नव्हतं. वेतनकरारात पुरुषांचा दर आणि बायकांचा दर असे दोन रकाने छापलेले असायचे. कारण ठरलेलं: पुरुष घर चालवतो, बाईचा पगार वरखर्चाचा. एकटीच्या कमाईवर घर चालवणाऱ्या बायका तेव्हाही होत्या, पण रकाना त्यांना विचारत नव्हता. अमेरिकेने 1963 मध्ये आणि ब्रिटनने 1970 मध्ये कायदा करून हे बंद केलं. ब्रिटनच्या कायद्यामागे एक संप होता. तो थोडा तपशिलात पाहू, कारण या विषयातला अवघड भाग त्यातून नीट दिसतो.

पूर्व लंडनमधल्या डॅगनम इथल्या फोर्डच्या कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या 187 स्त्रिया होत्या. 7 जून 1968 रोजी त्या संपावर गेल्या. कव्हरं नाहीत म्हणून सीट नाहीत, सीट नाहीत म्हणून गाड्या नाहीत, असं करत उत्पादन ठप्प झालं. अखेर मंत्री बार्बरा कॅसल यांनी या स्त्रियांना भेटायला बोलावलं आणि तीन आठवड्यांनी संप मिटला. या स्त्रियांना त्यांच्या श्रेणीतल्या पुरुषांच्या 85 टक्के पगार मिळत होता, तो 92 टक्के झाला. दोन वर्षांनी कायदाही आला. इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते.

पण त्यांची मूळ तक्रार वेगळीच होती. नव्या वर्गवारीत कंपनीने त्यांचं शिवणकाम “अकुशल” म्हणून बी श्रेणीत टाकलं होतं. त्यांचं म्हणणं होतं की हे सी श्रेणीचं, म्हणजे अर्धकुशल काम आहे. नोकरीवर घेताना कंपनी त्यांची मशीनवर परीक्षा घ्यायची. ज्या कामासाठी परीक्षा घेऊन माणसं निवडावी लागतात ते काम अकुशल कसं? या प्रश्नाचं उत्तर 1968 च्या संपाने मिळालं नाही. समान वेतनाचा कायदा झाल्यावरही मिळालं नाही. 1984 मध्ये पुन्हा संप करावा लागला, तेव्हा कुठे शिवणकामाची श्रेणी बदलली. दोन रकाने पुसायला कायदा पुरला. कामाची किंमत कमी लावली गेली होती, ती सुधारायला पहिल्या संपानंतर सोळा वर्षं गेली.

समान वेतनाची खरी कसोटी इथे आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1951 चा करार क्रमांक 100 “समान कामा”वर थांबत नाही, तो “समान मूल्याच्या कामा”बद्दल बोलतो. शेजारी शेजारी बसून एकच काम करणाऱ्या दोघांना सारखा पगार द्या, एवढीच मागणी असती तर प्रश्न सोपा होता. पण स्त्रिया आणि पुरुष पुष्कळदा एकच काम करतच नाहीत. एका दालनात सगळ्या बायका, दुसऱ्यात सगळे पुरुष. मग तुलना कुणाशी करायची?

त्यासाठी कामाचं मूल्यमापन करतात. पद्धत साधारण अशी असते की प्रत्येक कामाला चार बाजूंनी गुण द्यायचे: लागणारं कौशल्य, लागणारे श्रम, अंगावरची जबाबदारी आणि कामाची परिस्थिती. दोन कामं दिसायला कितीही वेगळी असोत, गुणांची बेरीज जवळपास सारखी आली तर पगारही सारखा हवा. ऐकायला हे अगदी न्याय्य वाटतं. मात्र गुण कशाला द्यायचे हे ठरवणारा तक्ता माणसंच बनवतात, आणि जुन्या सवयी त्या तक्त्यात उतरतात.

गोदामात खोकी उचलणारा कामगार आणि रुग्णालयात अंथरुणावरच्या रुग्णाला कूस बदलून देणारी मदतनीस, या दोघांची कामं शेजारी मांडून पाहा. खोक्याचं वजन मोजलेलं असतं, म्हणून “शारीरिक श्रम” या रकान्यात त्याला गुण मिळतात. रुग्ण 70 किलोचा असतो, दुखतं म्हणून अंग आखडून घेतो, आणि त्याला खोक्यासारखं आदळून चालत नाही. तरी बऱ्याच जुन्या तक्त्यांत हे श्रम धरलेलेच नसत. “परिस्थिती” या रकान्यात यंत्राचा आवाज, ग्रीस, धूळ यांना गुण. मलमूत्र साफ करण्याला मात्र काहीच नाही. “जबाबदारी”त पैशांची आणि यंत्रांची जबाबदारी येते. भ्रमिष्ट झालेल्या वृद्धाला दिवसभर सांभाळण्याची येत नाही. चिडलेल्या माणसाशी शांतपणे बोलणं हे कौशल्य न मानता बाईचा स्वभाव मानलं जातं, आणि स्वभावाचे पैसे कोण देतो? तक्ता बनवणाऱ्याच्या मनात खोट असायलाच हवी असं नाही. जे काम घरात वर्षानुवर्षं फुकट होत आलं, त्याला बाहेर किंमत लावताना हात आखडतो, इतकंच.

न्यूझीलंडमध्ये हाच प्रश्न न्यायालयात गेला. क्रिस्टीन बार्टलेट या वृद्धांच्या निवासगृहात काळजीवाहक होत्या. वीस वर्षांच्या अनुभवानंतर त्यांना तासाला 14.46 डॉलर मिळत होते. तिथल्या मोजक्या पुरुष काळजीवाहकांनाही तोच दर होता, त्यामुळे मालकाचं म्हणणं असं की इथे भेदभाव आहेच कुठे? बार्टलेट यांच्या बाजूचा युक्तिवाद होता की हे काम बायकांचं समजलं जातं म्हणूनच त्याचा दर पडलेला आहे आणि तिथे येणाऱ्या पुरुषालाही तो पडलेलाच दर मिळतो. अपील न्यायालयाने 2014 मध्ये मान्य केलं की तुलना त्या एका निवासगृहापुरती ठेवण्याची गरज नाही. 2017 मध्ये सरकारने सुमारे दोन अब्ज डॉलरची तडजोड केली आणि साधारण 55,000 काळजीवाहकांचे पगार वाढले. कुणाचे 15 टक्क्यांनी, तर कुणाचे जवळजवळ निम्म्याने. मे 2025 मध्ये मात्र तिथल्याच संसदेने घाईने कायदा बदलून असे दावे करणं अवघड केलं आणि चालू असलेले 33 दावे रद्द झाले. मिळालेला हक्क परतही घेतला जातो, हे त्या बायकांनी पाहिलं.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयासमोर 1987 मध्ये मॅकिनन मॅकेन्झी कंपनीचा खटला आला होता. तिथे साहेबांच्या खासगी लघुलेखनाचं काम फक्त स्त्रिया करत आणि त्यांची वेतनश्रेणी पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी होती. कंपनीने सांगितलं की या जागेवर पुरुष नाहीतच, आणि ही श्रेणी कामगार संघटनेशी करार करून ठरलेली आहे. न्यायालयाने दोन्ही बचाव फेटाळले. त्या जागेवर फक्त बायका आहेत, कारण व्यवस्थापनालाच त्या तिथे हव्या आहेत. आर्थिक परिस्थिती बरी नाही, हेही कारण चाललं नाही. समान वेतनाचा 1976 चा कायदा मालकाची ऐपत पाहून लागू होत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं.

“मग बायकांनी जास्त पगाराच्या क्षेत्रांत जावं,” असा सल्ला नेहमी मिळतो. एकेकीसाठी तो ठीक असेल. सगळ्यांसाठी तो चालत नाही, कारण काम तेच राहून माणसं बदलली तरी दर बदलतो. अमेरिकेच्या 1950 ते 2000 या काळातल्या जनगणनेच्या आकडेवारीवर 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की एखाद्या व्यवसायात स्त्रियांचं प्रमाण वाढलं, की पुढे त्या व्यवसायाचं वेतन इतरांच्या मानाने घसरतं. शिक्षण आणि कौशल्य सारखं धरूनही हेच आढळलं.

आता मुलांचा प्रश्न. क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते स्त्रियांच्या रोजगाराच्या दोनशे वर्षांच्या अभ्यासासाठी. आज श्रीमंत देशांत उरलेल्या तफावतीचा मोठा भाग पहिल्या मुलाच्या जन्मानंतर तयार होतो, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. डेन्मार्कमधल्या एका सविस्तर अभ्यासात आई आणि बाप यांच्या कमाईचे आलेख मूल होईपर्यंत जोडीने चालतात. मूल झालं की बापाचा आलेख तसाच पुढे जातो, आईचा खाली येतो, आणि दीर्घकाळात तिची कमाई सुमारे 20 टक्क्यांनी मागे राहते. हे डेन्मार्कमध्ये, जिथे पाळणाघरं आणि पालकत्वाची रजा या सोयी भरपूर आहेत.

असं का होतं, याचं गोल्डिन यांचं उत्तर मला फार पटतं. काही नोकऱ्या तासांच्या हिशेबाने पगार देत नाहीत. आठवड्याला 60 तास देणाऱ्याला 30 तास देणाऱ्याच्या दुपटीपेक्षा कितीतरी जास्त मिळतं, कारण तो रात्री दहालाही फोन उचलतो आणि रविवारीही येतो. घरात लहान मूल असलं की दोघांपैकी एकाला तरी चारच्या शाळेच्या फोनसाठी मोकळं राहावं लागतं. दोघंही मोकळे राहिले तर घराचं उत्पन्न फार बुडतं. म्हणून एक जण अशी नोकरी धरतो आणि एक सोडतो. सोडणारी बहुधा ती असते. उलट उदाहरण औषधविक्रेत्यांचं. अमेरिकेत या व्यवसायात एका फार्मासिस्टचं काम दुसऱ्याला सहज हाती घेता येऊ लागलं. नोंदी संगणकावर, औषधं ठरलेल्या स्वरूपात. तिथे जादा तासांची ती अवाजवी किंमत नाहीशी झाली आणि स्त्री-पुरुषांच्या ताशी कमाईतली दरी फार कमी झाली. कामाची आखणी बदलली की पगार बदलतो. प्रत्येक व्यवसायात हे जमेल असं नाही. पण “आमच्या कामाचं स्वरूपच असं आहे” हे वाक्य ऐकलं की तपासून पाहावं.

आणखी एक गोष्ट हळूहळू दरी वाढवत असते, ती म्हणजे सुरुवातीचा आकडा. एकाला 100 वर घेतलं, एकीला 90 वर. दोघांना दर वर्षी 6 टक्के वाढ. कुणी म्हणेल, वाढ तर सारखीच आहे. तीस वर्षांनी त्याचा पगार 574 झालेला असतो, तिचा 517. दहाचा फरक 57 वर गेला, आणि त्याच पगारावर बोनस, ओव्हरटाइम, निवृत्तिवेतन सगळं ठरलं. नव्या नोकरीत “सध्या किती घेता?” असं विचारून त्यावर टक्के लावले, की आधीच्या कार्यालयातला अन्यायही सोबत येतो. म्हणूनच अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी नोकरी देताना जुना पगार विचारायला बंदी केली आहे.

हे सगळं टिकतं ते गुप्ततेमुळे. लिली लेडबेटर 1979 पासून अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, गॅड्सडेन इथल्या गुडइयरच्या टायर कारखान्यात पर्यवेक्षक होत्या. निवृत्ती जवळ आली असताना कुणीतरी नाव न लिहिता त्यांना एक चिठ्ठी पोचवली. तिच्यात त्यांचा आणि त्याच पदावरच्या काही पुरुषांचा पगार होता. 1997 अखेर लेडबेटर यांना महिन्याला 3,727 डॉलर मिळत होते. त्याच पदावरच्या सर्वांत कमी पगाराच्या पुरुषाला 4,286 आणि सर्वांत जास्त पगाराच्या पुरुषाला 5,236. त्या न्यायालयात गेल्या. 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला: पगार ठरवण्याचा भेदभावाचा निर्णय झाल्यापासून 180 दिवसांत तक्रार करायला हवी होती. जो निर्णय तिला कुणी सांगितलाच नव्हता, त्याची मुदत तिच्यावर मोजली गेली. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विरोधी मत न्यायालयात वाचून दाखवलं आणि कायदा बदला असं संसदेला सांगितलं. 2009 मध्ये तो बदलला. आता कमी पगाराची प्रत्येक पावती नवा अन्याय मानली जाते. लेडबेटर यांच्या हाती स्वतःच्या खटल्यातून एक डॉलरही आला नाही.

म्हणून अलीकडचे कायदे “समान द्या” एवढंच न सांगता “उघड करा” असं सांगतात. ब्रिटनमध्ये 2017 च्या नियमांनुसार 250 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला दर वर्षी स्त्री-पुरुषांच्या वेतनातली तफावत जाहीर करावी लागते. आइसलँडने 2018 पासून ओझंच उलटं केलं: 25 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेने आपण समान वेतन देतो हे स्वतः सिद्ध करायचं. युरोपीय संघाच्या 2023 च्या निर्देशानुसार उमेदवाराला मुलाखतीआधी पगाराची किमान-कमाल मर्यादा सांगायची, जुना पगार विचारायचा नाही, आणि एखाद्या गटात 5 टक्के किंवा त्याहून जास्त तफावत असून तिचं कारण देता येत नसेल तर कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींसोबत बसून तपासणी करायची.

याचा उपयोग होतो का? होतो, पण हवा तसाच होतो असं नाही. डेन्मार्कमध्ये 2006 मध्ये अशी सक्ती आल्यावर दरी कमी झाली, पण मुख्यतः पुरुषांची पगारवाढ मंदावल्यामुळे. स्त्रियांचे पगार फारसे उसळले नाहीत. या गोष्टीकडे डोळेझाक करू नये. आकडे उघड करण्यासोबत वाढीसाठी वेगळे पैसे बाजूला ठेवले नाहीत, तर मालक स्वस्तातला रस्ता धरतो.

“बायका मागतच नाहीत, म्हणून त्यांना मिळत नाही,” हेही पुष्कळ ऐकू येतं. मागण्याचा सल्ला वाईट नाही. पण पगारवाढ मागणाऱ्या स्त्रीबद्दल समोरच्याचं मत पुरुषापेक्षा जास्त बिघडतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. तिचं कचरणं भित्रेपणा नसतं, अनुभवातून आलेला अंदाज असतो. ज्या ठिकाणी पगाराची किमान-कमाल मर्यादा आधीच लिहिलेली असते आणि वाढीचे निकष कागदावर असतात, तिथे मागण्याचा हा धोका कमी होतो, आणि लाजरा पुरुषही सुटतो.

तुम्हाला आपल्याच कार्यालयात शंका असेल, तर भावनेने सुरुवात न करता कागदाने करा. त्याच पदावर कोण, कधीपासून, कोणत्या पात्रतेवर आहे. कामाचं वर्णन काय लिहिलंय आणि प्रत्यक्षात काय करावं लागतं. गेल्या काही अप्रेजलमध्ये काय शेरे होते. सहकाऱ्यांना पगार थेट विचारायचा संकोच वाटत असेल तर आपला आधी सांगा. बहुतेक जण मग सांगतात. त्यानंतर एचआरला लेखी विचारा की माझी श्रेणी आणि माझा आकडा कोणत्या निकषांवर ठरला. “असं का?” यापेक्षा “कशावरून?” या प्रश्नाला टाळणं जास्त अवघड असतं, आणि पुढे कधी तक्रार करायची वेळ आलीच तर उत्तर आणि उत्तर न देणं, दोन्ही पुरावा म्हणून कामी येतात.

आणि शेजारच्या टेबलावरचा सहकारी “मग आता माझा पगार कापणार का?” म्हणून धास्तावला असेल, तर त्याला अमेरिकेच्या 1963 च्या कायद्यातली एक तरतूद सांगा. समान वेतन आणण्यासाठी मालकाला कुणाचाही पगार कमी करता येणार नाही. भारताच्या 1976 च्या कायद्यातही हीच अट होती. कमी पगार वर न्यायचा, तोही मालकाच्या पैशातून.